अण्णांच्या गळ्यातली माळ

ती. अण्णा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. यंदा तुमची बहीण, सिंधुआत्याही चालताना तुमच्यासारख्याच झोकांड्या खाऊ लागली. लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूची तपासणी केली. हालचाल सांभाळणाऱ्या भागांचा एकमेकांशी संपर्क तुटत चाललाय, आजार आनुवंशिक आहे, म्हणाले. तुमची लक्षणं ऐकून म्हणाले, "त्यांनाही हाच असणार."

माझी चाचणी निर्दोष आली. आधी स्वतःसाठीच सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. तुम्ही नंतर आठवलात.

दारू सुटावी म्हणून मीच तुमच्या गळ्यात तुळशीची माळ घालायला लावली. "पोरी, थेंब बी घेत न्हाई," तुम्ही म्हणायचात. मी रोज तुमचं तोंड हुंगायचे. वास कधीच आला नाही, तरी मानलं नाही.

काल आईला सांगितलं. रडता रडता ती हसली. "मी म्हणत नव्हते? जा, देगलूरला भावकीत सांगून ये, माझा माणूस पीत नव्हता!"

उद्या सकाळी निघतेय.

तुमची लेक,
सुलक्षणा