हळदीकुंकवाचे ब्रिटानिया नाणे आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, भास्कर नीळकंठ सोहोनी, वय वर्षे सत्त्याहत्तर, पूर्वी पाटबंधारे खात्यात अनुरेखक, मूळ राहणार कुरुंदवाड, हल्ली मुक्काम वेंटवर्थव्हिल, सिडनी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत येऊन थांबलो आणि विचारले, पुढे ऋण आकडेही सांगू का. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. हे लिहायला मला कोणी धरून बसवलेले नाही. उलट सूनबाई दोनदा म्हणून गेली की बाबा, आधी फराळाचं खाऊन घ्या, ते कागद कुठे पळून जात नाहीत.

दिनांक १५ नोव्हेंबर २०२० रोजी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र लिहिले होते, ते आजपासून रद्द. का लिहिले आणि का रद्द केले ते कलम चारमध्ये येईल. कोर्टात चालेल अशी इंग्रजी प्रत वकिलांनी वेगळी केली आहे. व्यवस्था दोन्हींत एकच आहे. त्या प्रतीत कारणे नाहीत, ती इथे आहेत. व्यवस्था पाहण्याचे काम माझा मुलगा शंतनू करील.

१. सांगलीला विश्रामबागेत माझा दोन खोल्यांचा ब्लॉक आहे, तो शंतनूला. त्याने तो विकला तरी माझी हरकत नाही, भिंतींना काही वाटत नसते. मात्र गॅलरीतला मोगरा माझी पत्नी कै. चित्रा हिने लावलेला आहे. तो विक्रीआधी कुंडीसकट शेजारच्या शैलाताईंना द्यावा. चित्रा गेल्यावर मी इकडे आलो, तेव्हापासून पाणी त्याच घालतात. फुले काढतानाचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, वास पाठवता येत नाही.

२. बँकेतली शिल्लक शंतनू आणि माझी सून मयूरा यांना निम्मी-निम्मी. आकडे इंग्रजी प्रतीत आहेत. मला त्यांत गोडी नाही.

३. माझी शाळेची कवितांची पुस्तके, पहिली ते सातवी, आणि ज्या वहीत मी इतर शाळांच्या पुस्तकांतल्या कविता उतरवून घेतल्या ती निळ्या पुठ्ठ्याची वही, ही इथल्या रविवारच्या मराठी वर्गाला द्यावीत. अट एकच. कविता मोठ्याने, चालीवर म्हणून घ्याव्यात. अर्थ विचारू नये. अर्थ मागाहून येतो. मला काही कवितांचा चाळिशीत आला, एकीचा गेल्या लॉकडाउनमध्ये.

याच कलमात एक जुना वाद मिटवतो. १९५७ साली आमच्या शाळेत सातवीची पाठांतर स्पर्धा झाली. नदीची कविता होती. माझा मित्र नंदू, म्हणजे नंदकुमार दातार, हा तिसऱ्या कडव्यात अडकला. गप्प राहण्याऐवजी त्याने स्वतःची ओळ ठोकून दिली: ‘नदी म्हणाली, थांब जरासा, पाणी अजुनी यायचे आहे.’ पुस्तकात अशी ओळ नव्हती. मी अख्खी कविता काना-मात्रेची चूक न करता म्हटली. पहिला नंदू आला, दुसरा मी. हेडमास्तरांनी पहिल्याला बक्षीस म्हणून त्याच महिन्यात निघालेले दोन कोरे नवे पैसे दिले. आणे-पै जाऊन दशमान आले तो तो महिना. आम्ही कोणी नवा पैसा तोवर पाहिलेला नव्हता. शाळेबाहेर नंदूने मूठ उघडली आणि म्हणाला, "एक तुझा, एक माझा. रडू नकोस."

चौसष्ट वर्षे मी हे बक्षीस ढापलेले आहे असे म्हणत आलो. आज लिहून देतो की ते नंदूचेच होते. ती ओळ पुस्तकातल्या ओळीपेक्षा चांगली आहे.

४. नाण्यांविषयी.

नंदू १९७० साली इंग्लंडात लेस्टरला गेला आणि तिथल्या संग्राहकांत सामील झाला. दर वर्षी तिथली टांकसाळ पुढच्या वर्षीच्या नाण्यांची यादी काढते. राणीचा वाढदिवस, कसली तरी शताब्दी, अशा निमित्तांची स्मारक नाणी, आणि सोन्या-चांदीची वजनावर विकली जाणारी नाणी, त्यांना बुलियन म्हणतात. यादी आली की नंदू प्रत्येकी दोन मागवायचा. एक तुझा, एक माझा. आधी पत्रातून, मग फोनवर, आम्ही येणाऱ्या नाण्यांबद्दल बोलत आलो. आलेल्या नाण्यांपेक्षा येणाऱ्या नाण्यांची मजा जास्त असते हे संग्राहकालाच कळेल. आमच्यात ठरले होते की जो आधी जाईल त्याची पेटी दुसऱ्याकडे यावी, म्हणजे जोड्या पुऱ्या होतील. तरुणपणी ठरवताना हे फार शहाणपणाचे वाटले होते.

या संग्रहाचा एकच कायदा आहे. नाणे घासायचे नाही. टांकसाळीतून निघताना त्याच्या अंगावर जी तकाकी असते ती एकदाच असते. कापडाने पुसले तरी बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला मी खोलीत पडून होतो. मयूराने पूजेला चांदीचे नाणे हवे म्हणून माझा कप्पा उघडला. नेमके १९९८ सालचे एक औंसाचे ब्रिटानिया तिच्या हाती लागले. त्यावर बाईच्या रूपातली ब्रिटनभूमी उभी असते, डोक्यावर शिरस्त्राण, जवळ ढाल आणि हातात त्रिशूळ. मयूराने कॅप्सूल, म्हणजे नाण्याची प्लास्टिकची बंद डबी, उघडून ते चिंच-मिठाने लख्ख घासले, पंचामृताने न्हाऊ घातले आणि हळदीकुंकू वाहिले. मी बाहेर आलो तेव्हा ब्रिटानिया तांदळावर बसलेली, कपाळभर कुंकू.

मी म्हणालो, "हे काय केलंस?"

ती म्हणाली, "बाबा, त्रिशूळ आहे ना हातात. मला वाटलं देवीचंच आहे."

शंतनू म्हणाला, नाणंच आहे ना, नवीन ऑर्डर करू. त्यावर मी जे बोललो ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बोलण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पहिले मृत्युपत्र लिहिले. त्यात मयूराचे नाव एकदाच होते, 'हिला काहीही देऊ नये' या वाक्यात. त्यानंतर अडीच महिने मी तिच्याशी थेट बोललो नाही. मीठ हवे असले तर शंतनूला सांगायचो, आणि मीठ तिच्या हाताशी असायचे. नंदूला फोनवर सगळे सांगितले तेव्हा त्याने नेहमीसारखे चिडवले नाही. मला वाटले, नाण्याचे दुःख त्यालाही झाले.

जानेवारीच्या अखेरीस नंदूला कोविड झाला आणि त्याला लेस्टरच्या हॉस्पिटलात नेले. त्याची बायको शुभदा जाऊन नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. मी वॉर्डात फोन लावला, पण तिथल्या नर्सचे इंग्रजी मला उमगेना आणि माझे तिला. तिसऱ्या दिवशी मयूराने माझ्या हातातून फोन घेतला. पलीकडून विचारले, पेशंटच्या तुम्ही कोण? ती म्हणाली, सून. डोळ्याची पापणी न हलवता.

फोन ठेवल्यावर मी विचारले, "काय म्हणाले?" नोव्हेंबरनंतर तिला उद्देशून मी बोललेले ते पहिले वाक्य.

पुढे रोज संध्याकाळी सातला, तिकडे सकाळचे आठ असताना, ती कामावरून आल्या आल्या चपला न काढता फोन करी. ऑक्सिजन किती, ताप किती, हे माझ्यासाठी पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवी. एकदा तिने नर्सला गळ घालून नंदूच्या उशाशी फोन ठेवायला लावला आणि त्या वर्षीच्या नाण्यांची यादी इंटरनेटवरून वाचून दाखवली. राणीचा पंचाण्णवावा वाढदिवस. ब्रिटनमध्ये दशमान नाणी आल्याला पन्नास वर्षे, त्याचे पन्नास पेन्स. नंदू बोलू शकत नव्हता. नर्स म्हणाली, त्यांनी दोन बोटं वर केली आहेत, याचा अर्थ काय? मयूरा म्हणाली, अर्थ एवढाच की दोन मागवायची.

फेब्रुवारीच्या शेवटी वॉर्डातून सांगितले की पेशंटला दुसरीकडे हलवले आहे आणि अधिक माहिती इथे नाही. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना. नंदूचा मोबाइल बंद. सव्वीस दिवस काहीही कळले नाही.

मग लेस्टरहून पार्सल आले. जड होते, आणि पत्ता परक्या अक्षरात होता. मला करार आठवला. नंदू असता तर पत्ता त्याच्या अक्षरात असता. मी ते पार्सल टेबलावर ठेवले आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. मला ती पेटी नको होती. माझ्या जोड्या अर्ध्याच राहू देत, असे मी कपाटाला सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी मयूराने माझे नाणी हाताळायचे पांढरे सुती हातमोजे घातले आणि म्हणाली, "बाबा, मी उघडते. तुम्ही खिडकीकडे बघा."

आत बरीच वर्तमानपत्रे, यादीचे छापील पुस्तक, एक कॅप्सूल आणि एक पत्र. पत्रातले अक्षर थरथरते, पण नंदूचे. माझ्या चष्म्यावर वाफ आली होती म्हणून मयूराने वाचले. ते पत्र मी इथे उतरवून ठेवतो:

‘भास्क्या, मेलो नाही. उभं राहायला शिकवतात अशा एका ठिकाणी आहे. फोन हॉस्पिटलात हरवला, नंबर त्यातच होता, पत्ता तेवढा पाठ आहे. हात कापतात म्हणून तो नर्सकडून लिहून घेतला. नळ्या लावल्या होत्या तेव्हा छातीवर एक गोष्ट बसली होती, ती सांगून टाकतो. सोबतचं नाणं भिंगाखाली बघ. माझं ९८ सालचं ब्रिटानिया. शुभदानं पहिल्याच दिवाळीत चिंचेनं घासलं. त्रिशूळ बघून म्हणाली, देवी आहे. तू दर वर्षी विचारायचास, कसं आहे, आणि मी सांगायचो, जसंच्या तसं. बावीस वर्षं. तू सुनेवर चिडलास तेव्हाच बोलायला हवं होतं, धीर झाला नाही. आता जोडी जमली. त्या पोरीला बोल लावू नकोस, ती मला रोज फोन करायची. यादीवर खुणा केल्या आहेत. पाणी अजुनी यायचे आहे. नंदू.’

मयूराने पत्राची घडी केली आणि म्हणाली, "म्हणजे शुभदाकाकूंनी पण?"

मी भिंग लावले. चिंचेचे ओरखडे हुबेहूब तसेच, त्याच दिशेने, उजवीकडून डावीकडे. मी तिला म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, चहा टाकते. चित्रा गेल्यापासून इतका सुटल्यासारखा चहा मी प्यायलो नव्हतो.

म्हणून व्यवस्था अशी. माझ्या पेटीतली सर्व नाणी नंदूला, तो हयात असल्यास. तो आधी गेल्यास (त्याने तसे करू नये) दोन्हीकडची मयूराला. मात्र दोन्ही ब्रिटानिया, माझे आणि नंदूचे, या जोडीवर आमचा दोघांचा हक्क आजच संपला. ती मयूराची. ती देवघरात राहतील आणि दर दिवाळीला घासली जातील. परवाच्या लक्ष्मीपूजनाला मयूरा चिंच हातात घेऊन थबकली होती. ती मी भिजवून दिली.

५. भिंग, चिमटा आणि वजनाचा छोटा काटा शंतनूला. त्याला उपयोग नाही, पण त्याने एकदा तरी एखादे नाणे पाच मिनिटे पाहावे. हातमोजे मयूराला.

६. पाटबंधारे खात्यात मी तीन महिने आखलेल्या कालव्याच्या नकाशावर ज्या साहेबांनी स्वतःचे नाव घातले, त्यांना मी माफ केलेले नाही. नाव लिहीत नाही, एवढीच सवलत.

७. माझे क्रियाकर्म इथेच, साधेपणाने करावे. अस्थी घेऊन कोणी विमानतळांवर ताटकळू नये. लिंकवर दाखवणार असाल तर ती नंदूला पाठवावी. तो चुका काढील.

८. येणे बाकी असलेल्या वस्तू: फेब्रुवारीत राणीला गादीवर सत्तर वर्षे पुरी होतील. नाणे येणारच, असा नंदूचा आणि तिकडच्या तमाम संग्राहकांचा अंदाज आहे. नंदू आता काठी घेऊन दुकानापर्यंत जातो. त्याने दोनांसाठी नाव घालून ठेवले आहे. टपाल हल्ली रेंगाळत येते. तरी ते नाणे मी स्वतः सही करून घेणार आहे, आणि नंतरच्या वर्षीच्या यादीबद्दल आमचे अजून बोलणे व्हायचे आहे. तोवर हा कागद कपाटात राहील. कोणी घाई करू नये, मला तर अजिबात नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि खालच्या मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांसमोर सही केली. त्यांना यातून काहीही मिळायचे नाही, चकल्या सोडून.

भास्कर नीळकंठ सोहोनी (सही)

साक्षीदार: १. यतिन पोंक्षे (सही)  २. लीना पोंक्षे (सही). दोघेही एकाच वेळी, मास्क लावून हजर.

स्थळ: वेंटवर्थव्हिल. शनिवार, दिनांक ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज.

सहीच्या वेळी कागद वाऱ्याने उडू नये म्हणून वर देवघरातली दोन्ही नाणी ठेवली होती. कोपऱ्यावरचे दोन पिवळे डाग हळदीचे असून सहीपूर्वीचे आहेत. ते खाडाखोड समजू नयेत.