खोडलेल्या ओळींची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, पेशाने डॉक्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. तिची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. सर्जन म्हणाले, "घाबरण्याचं काही कारण नाही." हे वाक्य मी रोज दहा जणांना ऐकवते, त्यामुळे ते कधी उच्चारले जाते हे मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दादा दोनदा दारातून डोकावून "झाला का गं तुझा निबंध?" असे विचारून गेला, त्याला दबाव म्हणता येणार नाही.

कलम एक. राहत्या घरातील माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक आईला मिळावी. अट एकच: "आज बरं वाटतंय" म्हणून तिने रक्तदाबाची गोळी चुकवू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच, हे मी सात वर्षे सांगत आले. लेकीचे नाही पटले, निदान कागदाचे पटावे.

कलम दोन. माझा जाडा शब्दकोश दादाच्या मुलीला द्यावा. मराठी शाळेत मी प्रत्येक इयत्तेत पहिली आले आणि वैद्यकीय कॉलेजातल्या पहिल्या तासाला मला एक अक्षर कळले नाही. ते अख्खे वर्ष मी हा शब्दकोश उशाशी घेऊन काढले. दादा तेव्हा म्हणायचा, "हिच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि साठे करून ठेवतेय!" दादाला माझी काळी छत्री. ती गेली चार वर्षे त्याच्याकडेच आहे. हे कलम केवळ ताबा कायदेशीर करण्यासाठी.

कलम तीन. वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांचा दवाखाना मला डॉक्टरकाकांकडून मिळाला. माझा लहानपणचा खोकला त्यांनीच बरा केला होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा किल्ली माझ्या नावाच्या पाकिटात निघाली. माझ्यानंतर आईने तो योग्य वाटेल त्या डॉक्टरला द्यावा. मात्र त्या डॉक्टरने दाराजवळची खुर्ची हलवू नये. माणूस टेबलासमोर बसून गुडघा सांगतो, पोट सांगतो, औषधाचा कागद घेऊन उठतो, कडीवर हात ठेवतो आणि मग म्हणतो, "जाता जाता एक विचारायचं होतं." खरे दुखणे तिथे, कडीपाशी असते. म्हणून काकांनी तिथे दुसरी खुर्ची ठेवली होती. मला आधी ती अडगळ वाटली होती.

कलम चार, ज्यासाठी हा सारा खटाटोप. लाकडी खणांत पेशंटांची अकराशे कार्डे आहेत. काका आजार आणि औषध शाईने लिहीत आणि त्याखाली पेन्सिलीने एक ओळ. हेडमास्तरांच्या कार्डावर होते: "बूट काढायला सांगू नये, मोजे फाटके असतात." शिंपीणबाईंच्या: "मुलीचं पत्र आलं की पाठदुखी थांबते." निवृत्त पोस्टमनच्या: "औषध कडू आहे असं सांगावं, गोड औषधावर विश्वास नाही." बाकीच्या ओळी मला सांगता येणार नाहीत, कारण दवाखाना हाती येताच पहिल्या सुट्टीत दोन दिवस बसून मी त्या सगळ्या खोडून टाकल्या. तीन खोडरबर संपले.

काकांकडे तीस वर्षे काम केलेले कंपाउंडरमामा सुट्टीनंतर आले आणि खण उघडून एकेक कार्ड उजेडात धरून पाहू लागले. "हे काय केलंस?"

"मामा, रेकॉर्डमध्ये मोजता येईल तेवढंच असावं. आम्हाला तसंच शिकवलंय."

"पहिला नंबर आला होता ना तुमचा?" एवढेच ते म्हणाले. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ते मला 'चिमणे' म्हणत. त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. पुढची दोन वर्षे "मॅडम, पुढचा पेशंट" यापलीकडे एक शब्द नाही.

तरीही यंदा जिना चढताना मला धाप लागू लागली आणि मी, डॉक्टर असून, स्वतःला अशक्तपणाच्या गोळ्या देत बसले, तेव्हा एके सकाळी जिन्याच्या वळणावर एक स्टूल दिसले. कोणी ठेवले, हे मी विचारले नाही. मी त्यावर रोज बसत असे.

शपथेवर एक गोष्ट नोंदवते. ओळी खोडण्याचे मी दिलेले कारण खरे नव्हते. खणातून मी प्रथम माझे स्वतःचे कार्ड काढले होते. वय सात, खोकला. आणि अगदी तळाशी पेन्सिलीने, "घाबरते". ज्यांच्या खुर्चीत मी बसणार होते त्यांनी माझ्याविषयी एवढेच लिहावे, हे मला सोसले नाही. मी तो शब्द खोडला. मग फक्त तोच खोडलेला दिसू नये म्हणून उरलेली सारी कार्डे.

सबब, अकराशे कार्डे व पेन्सिलींची पेटी मी कंपाउंडरमामांना देते. त्या ओळी आता फक्त त्यांना आठवतात. त्यांनी त्या पुन्हा लिहाव्यात आणि जमल्यास मला क्षमा करावी.

पुरवणी, सहीपूर्वी. वकीलताईंनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. साक्षीला त्या स्वतः आणि खालच्या दुकानातले चष्मेवाले होते. मामांना केवळ ऐकण्यासाठी बोलावले होते. ते उठले आणि चष्मेवाल्यांच्या हातातले पेन घेऊन म्हणाले, "साक्षीदार मी."

वकीलताई म्हणाल्या, "अहो मामा, ज्याला मिळतं त्याने साक्ष करायची नसते. तुम्ही सही केलीत तर कार्डं तुम्हाला मिळणार नाहीत."

"म्हणूनच करतोय."

"मग कार्डांचं काय लिहू?"

"हिचीच राहू द्या."

"मृत्युपत्रात स्वतःलाच काही देता येत नाही, मामा."

"मग ती जागा रिकामी ठेवा. मंगळवारनंतर येऊन ती भरेल. मी सांगेन, ही लिहील. माझं अक्षर कंपाउंडरचं, माझं मलाच लागत नाही."

मग त्यांनी खणातून माझे कार्ड काढून ते माझ्यासमोर पालथे ठेवले. "मागची बाजू वाचली होतीस?"

मी नाही म्हणाले. मागच्या बाजू मी न वाचताच खोडल्या होत्या.

"ओळ मागे गेली होती, चिमणे. घे पेन्सिल."

त्यांनी सांगितली, मी लिहिली: "घाबरते, पण सुई पाहून हात मागे घेत नाही."

कलम चारमधील शेवटचा परिच्छेद रद्द. ती जागा रिकामी ठेवली आहे. बाकी सर्व कायम.

लिहून ठेवणार: डॉक्टर (सही, शाईने)
साक्षीदार पहिल्या: वकीलताई (सही)
साक्षीदार दुसरे: कंपाउंडरमामा (सही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरोखरच लागत नाही)
स्थळ: दवाखाना, दाराजवळची खुर्ची
दिनांक: मंगळवारच्या आधीचा शनिवार, सकाळी, पेशंट येण्यापूर्वी