शांताच्या रुपयावरचा डाख

१२ नोव्हें.
पेटी उघडली. शांताचा निजामी रुपया, चारमिनारचा. लग्नात तिच्या आईनं सोनाराकडून वर कडी डाखून, जोडून घेऊन गळ्यात घातला होता. शेवटची आंघोळ घालताना बायांनी काढून माझ्या हातावर ठेवला, तेव्हापासून पेटीत. माझ्या नाण्यांच्या अल्बममध्ये चारमिनारची जागा अजून रिकामी. दर दिवाळीला मागायचो, कडी काढतो, दे. दरवेळी तेच: "न्हाई म्हंजे न्हाई. गळ्यातलं हाय ते, तुमच्या अल्बमातलं न्हाई."
आता अडवणारं कोणी नाही.

१३ नोव्हें.
कळमनुरीला सोनाराकडे. "डाख कथलाचा हाय. आच जपून द्या, जास्त झाली तर कथील चांदी खातं. पण काहून काढून राहिले? कडीसगट बरा दिसतो की." याला काय करायचंय! चहा न घेताच निघालो. घरी कुलूप. मीच लावलेलं, तरी आधी कडी वाजवली.

१५ नोव्हें.
रेडिओ दुरुस्तीची जुनी सोल्डरिंग आयर्न सापडली. तांब्याच्या तारेला राळ लावली, डाखावर ठेवली, वरून आयर्न टेकवली. कथील वितळून तारेत चढलं. एका बाजूचा डाख निघाला, अन् खालून मिनाराचं टोक. कोरं करकरीत! बाकीचं नाणं तिच्या अंगावर घासून पार गुळगुळीत. म्हणजे जिथं ती लागली नाही, तेवढंच नवं राहिलं.
कडी दुसऱ्या बाजूनं धरून आहे. हलते. आज इथंच थांबलो.

१६ नोव्हें.
सुमनला पुण्याला फोन. आईच्या रुपयाची कडी काढतोय म्हणालो. वाटलं, लेक आहे, भांडेल. आवाज आईचाच, हट्टही आईचाच. तर म्हणते, "काढा की बाबा. तुमचंच हाय आता. तुमाला वाटंल तसं करा." मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं फोन ठेवला.
राग आला. एकदा नाही म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?
जेवलो नाही. भाकरी एकट्यासाठी थापायचा कंटाळा.

१८ नोव्हें.
अल्बमचं पान उघडून बसलो. आयर्न तापवली, बंद केली. शेजारी टीव्हीवर कोणीतरी हसत होतं. मोठ्यानं विचारलं, "शांता, काढू का कडी?"
उत्तराची वाट पाहिली. खरंच पाहिली.
आयर्न परत तापत घातली आहे.