दोन मालकांची गाडी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. हा शब्द या वेळी मी सवयीने लिहिलेला नाही. गेल्या आठवड्यात मी खरोखरच साष्टांग पडले होते, तेही भर दुपारी, कस्टमच्या यार्डात, एका गाडीखाली. ते पुढे येईलच. तोवर तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते. डावा अजून कुरकुरतो का? जिना चढताना कठडा धरत जा. (धरणार नाहीस, ठाऊक आहे. जन्मभर नर्स म्हणून लोकांना कठडे धरायला लावलेस, आता स्वतः धरायचा म्हणजे अपमानच.)

"तुझा बाप गाडी चालवतो आणि मी तोंड चालवते, म्हणून आम्ही कुठेतरी पोचतो." हे तू मला म्हणाली होतीस त्याला आता चौदा वर्षं झाली. तुम्ही दोघा बहीणभावांनी तिकडे परदेशात ती गाडी नुकतीच घेतली होती, मी सुट्टीत आले होते आणि मागच्या सीटवर बसून तुमचं भांडण ऐकत होते. तू पुढे बसून डावीकडे, उजवीकडे, आता सरळ असं सांगत होतीस आणि बाबा मुकाट्याने स्टिअरिंग फिरवत होते. त्यांना रस्ते तेव्हाही कळत नव्हते. वीस वर्षं ज्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली, तिथून घरी यायलाही त्यांना शेजारी त्यांची अक्का, म्हणजे तू, लागायचीस. हे वाक्य मला या महिन्यात रोज आठवतं आहे. कारण तीच गाडी आता इकडे आली आहे, आणि कुठेच पोचत नाही.

तू इकडे परत आलीस, त्यानंतर आता बाबाही नोकरी संपवून कायमचे परत आले, हे तुझ्या कानावर आलंच असेल. येताना त्यांनी सगळं सामान वाटून टाकलं, पलंगसुद्धा. फक्त गाडी सोडवेना. आम्ही सगळ्यांनी समजावलं की गाडीचं वय झालंय, आणण्याच्या खर्चात इथे दुसरी येईल, तर म्हणाले, "तिला तिकडे एकटीला कशी टाकू?" आई म्हणाली, मला मात्र इकडे वीस वर्षं टाकलं होतंत. (तेव्हापासून आई त्या गाडीला सवत म्हणते. गाडी जहाजातून उतरली त्या दिवशी तिने विचारलं, आल्या का बाई?) शेवटी गाडी आली आणि बाबांनी कागदांची फाईल माझ्या हातात दिली. म्हणाले, तुझं लिखाण चांगलं आहे, तूच बघ.

आत्या, ज्या मुलीने स्वतःच्या पदवीचं प्रमाणपत्र तीन वेळा हरवलं आणि तिसऱ्यांदा नक्कल काढायला जाताना दुसऱ्यांदाच्या नकलेची पावती बसमध्ये विसरली, तिच्या हातात ही फाईल. पण लिखाण चांगलं आहे म्हटल्यावर मी हुरळले. फॉर्मात एक रकाना होता, 'वाहन आणण्याचे कारण'. सगळे लोक तिथे 'स्वतःच्या वापरासाठी' असं लिहितात, हे मला नंतर कळलं. मी पुरवणी जोडून दोन पानं लिहिली. खिडकी नंबर चारवरच्या चष्मेवाल्या बाईंनी ती वाचली, मग शेजारच्या खिडकीला वाचून दाखवली, मग एक शिपाई येऊन वाचून गेला. शेवटी बाई डोळे पुसत म्हणाल्या, "छान लिहिलंय हो. पण हे चालणार नाही. तीन शब्द लिहा." माझ्या लिखाणाचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

मग चेसिस नंबरचा ठसा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. तो ठसा परदेशच्या कागदांशी जुळला तर गाडी तीच, असं सिद्ध होतं. एजंट नेमला होता, पण तो "ताई, टेन्शन घेऊ नका" एवढं म्हणून दर वेळी चहाला जायचा (आणि त्याने ते म्हटलं की मला टेन्शन यायचं). म्हणून मीच गाडीखाली शिरले. तेच ते साष्टांग. अर्धा तास घासून, कोपर काळे करून, नाकात ग्रीस घालून मी विजयी मुद्रेने ठसा आणला. बाईंनी तो कागदांशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, हा बॅटरीचा नंबर आहे.

पण हे सगळं सोसलं असतं. घात केला तो तुझ्या शिकवणीने. चिडू नकोस, ऐक. आपल्या घरात आपल्या वस्तूला परक्यापुढे नावं ठेवायची नाहीत, हे तूच आम्हाला शिकवलंस ना? कान तुटलेल्या कपाबद्दलसुद्धा तू पाहुण्यांना म्हणायचीस, हा धरायला हलका पडतो. तर साहेब गाडीची किंमत ठरवायला येणार, त्या दिवशी मी आणि बाबा सकाळीच बादली, साबण आणि जुने पंचे घेऊन यार्डात हजर. रखवालदाराच्या हातापाया पडून आत शिरलो. दोन तास गाडी धुतली. बाबांनी चाकांच्या खोबणीतले खडे काडीने काढले. मी आरसे पुसले. आमच्या शेजारी एक गृहस्थ आपली गाडी घेऊन उभे होते, चांगली होती, पण चिखलाने बरबटलेली. मला इतकी दया आली की मी त्यांना माझा ओला पंचा देऊ केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराला आग लावायला काडीपेटी देते आहे.

साहेब आले. त्या गृहस्थांनी हात जोडले. "साहेब, ही गाडी नाहीच. भंगार आहे. ढकलत आणलीय. कोणी फुकट घेत नाही म्हणून मी ठेवलीय." साहेबांनी काहीतरी कमी कमी लिहिलं. मग आमची पाळी. साहेब म्हणाले, कशी आहे गाडी? आणि आत्या, शाळेच्या प्रवेशाला आईबाप मुलाचे गुण सांगतात तसे आम्ही सुरू झालो. बाबा म्हणाले, इंजिनाचा आवाजच येत नाही, चालू आहे का ते वाकून बघावं लागतं. मी म्हटलं, एक ओरखडा नाही. बाबा म्हणाले, चौदा वर्षांत एकदा रस्त्यात बंद पडली असेल तर नाव बदलीन. एजंट समोरून डोळे मिचकावत होता. मला वाटलं, त्याच्या डोळ्यात धूळ गेली. मी पर्समधून डोळ्यांत घालायचे थेंब काढून दिले. साहेब लिहीत गेले. 'स्थिती: उत्तम.' आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो, मुलगी पहिली आल्यासारखे.

त्या 'उत्तम'वर कर बसतो, हे आम्हाला चलन हातात पडल्यावर कळलं. आमच्या प्रत्येक वाक्याची किंमत त्यात लागली होती. चिखलवाल्या गृहस्थांनी जाताना काच खाली करून मला विचारलं, "ताई, तुम्ही गाडी सोडवायला आला होता की विकायला?"

त्यातच सामानाची यादी झाली. डिकीत स्टेपनीच्या खाली एक खोकं निघालं. त्यात बायकांच्या सँडल, चंदेरी, नव्याकोऱ्या. साहेब म्हणाले, वापरलेल्या गाडीत न वापरलेली वस्तू, हिचा कर वेगळा. बाबांना एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला निघून गेले. मीही फारशी चौकशी केली नाही. सँडलचाही कर भरला. असो.

कर भरून झाला, शिक्के झाले, ठसाही अखेर बरोबर निघाला (रखवालदाराने काढून दिला, दोन मिनिटांत). शेवटच्या खिडकीवर चष्मेवाल्या बाईंनी परदेशचं नोंदणीपत्र उलटून पाहिलं आणि थांबल्या. मागच्या बाजूला मालक म्हणून दोन नावं आहेत. एक बाबांचं. दुसरं तुझं. गाडी घेताना बाबांचा परवाना नूतनीकरणाला गेला होता, तुझे हॉस्पिटलचे कागद पक्के होते, म्हणून तुझं नाव घातलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या, दुसऱ्या मालकाने तीस तारखेच्या आत इथे येऊन, ओळखपत्र दाखवून, माझ्यासमोर सही करायची. पोस्टाने नाही, वकिलाकडून नाही. नाही आली सही, तर एकतीसला गाडी लिलावात.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अक्काचं नाव आहे, खरंच की." एवढंच. विसरले होते की विसरले नव्हते, देव जाणे. घरी आल्यावर मी म्हटलं, आत्याला फोन करा. म्हणाले, ती यायची नाही. मी म्हटलं, विचारून तर बघा. म्हणाले, कोणत्या तोंडाने? आणि कात्री घेऊन कुंडीतली वाळलेली पानं कापत बसले. जी वाळली नव्हती तीसुद्धा.

तेव्हापासून रोज सकाळी ते बसने यार्डापर्यंत जातात. आत सोडत नाहीत, म्हणून तारेच्या जाळीबाहेर उभे राहून गाडी बघतात आणि परत येतात. परवा येताना भलत्याच बसमध्ये बसले. दोन तासांनी कुणीतरी घरी आणून सोडलं. आईने त्या दिवशी सवतीचा टोमणाही मारला नाही. ताट वाढलं फक्त.

असो. तू म्हणशील, हे सगळं मला कशाला सांगतेस? काही नाही गं, सहज. तुझी करमणूक व्हावी म्हणून. एकटी राहतेस, संध्याकाळी वेळ जात नसेल. बाकी इकडे सर्व क्षेम. आमचे हे बरे आहेत, तुला नमस्कार सांगतात. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
भाची (जिला तू 'धांदरट' म्हणतेस ती, दुसरी नाही)

ता. क. करमणूक हे खोटं. सहीसाठीच लिहिते आहे. तीस तारखेच्या आत ये. चार तासांचा प्रवास आहे, मी न्यायला येईन. (मी आले तर पाच तासांचा होईल, पण येईन.)

ता. क. २. बाबांना या पत्राचं माहीत नाही. त्यांनी मला लिहायला सांगितलं असं समजून तुला क्षणभर बरं वाटलं असेल तर माफ कर. पण एक सांगते. कागदांच्या फाईलमध्ये त्यांनी तुझा एक फोटो ठेवला आहे, गाडीला टेकून उभी आहेस तो. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, हा कशासाठी जोडलाय? मी म्हटलं, पुरावा म्हणून. त्यांनी परत दिला नाही, कागदांना टाचून टाकला.

ता. क. ३. आता जे लिहिते ते वाचण्याआधी बसून घे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या लग्नाला तुम्ही दोघं याच गाडीतून विमानतळावर निघालात. मोठ्या चौकात तू डावीकडे म्हणालीस, बाबांनी गाडी उजवीकडे घातली, पुढे वाहनांच्या रांगेत अडकलात आणि विमान गेलं. बापाचं मुलीचं लग्न हुकलं. तू तिथल्या पार्किंगमध्ये उतरून म्हणालीस, या डब्यात पुन्हा पाय ठेवला तर नाव सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी दोघं पोचलात, दोन वेगवेगळ्या टॅक्सींतून, आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाही. माणसाने चौदा हजार वेळा तुझं ऐकलं आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं नाही, याचा तुला राग आहे. रास्त आहे.

पण त्यांनी ऐकलं नाही कारण मी फोन केला होता. तू शेजारणीला किल्ली द्यायला वर गेली होतीस तेव्हा. माझ्या लग्नाच्या कपड्यांना शोभणाऱ्या चंदेरी सँडल त्या चौकाच्या उजवीकडच्या दुकानात मिळतात, येता येता घ्या, आणि आत्याला सांगू नका, ती मला नखरेल म्हणेल, असं मी त्यांना शपथ घालून सांगितलं होतं. "चाकात हवा भरून येतो" म्हणून ते उतरले ना? ते दुकानात गेले होते. त्यांनी माझी शपथ नऊ वर्षं पाळली. तुझ्या शिव्या खाल्ल्या, तुझा अबोला सोसला, पण माझं नाव घेतलं नाही. आणि मी, जिचं लिखाण चांगलं आहे, तिला हे एक पान लिहायला नऊ वर्षं लागली. खोकं डिकीतून निघालं तेव्हा ते पाणी प्यायला गेले, आणि मी कर भरला. कराचं चलन 'सँडल, एक जोड' असं माझ्याच नावावर आहे. योग्य जागी आहे. (माझ्या लग्नाचे फोटो बघ. पाय कुठेच दिसत नाहीत. आईच्या जुन्या चपला घातल्या होत्या.)

ता. क. ४. सही तू देशील. तू अशी माणसाला जाळीबाहेर उभं करणारी नाहीस. पण माझं मागणं सहीपुढचं आहे, आणि त्याला तू नाही म्हणणार हे मला आत्ताच ऐकू येतंय. सही झाली की गाडी यार्डातून घरी न्यायची आहे. बाबांना रस्ता येत नाही. मला तर येतच नाही. तू तुझं बोललेलं मागे घेऊ नकोस, नाव सांगू नकोस वाटलं तर, पण पुढच्या सीटवर बस आणि घरापर्यंत तोंड चालव. मी मागे बसेन, त्या सँडल घालून. एक अक्षर बोलणार नाही.