फाटकाजवळची शेवंती

अमरावती
कोजागिरीच्या चार दिवस आधी

प्रिय वर्षाली,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढे मला राग येणार आहे आणि मग ते राहून जातील. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माझा आवाज चढतो, तू "हो आई, हो आई" करत गप्प होतेस आणि शेवटी जेवण झालं का एवढं विचारून आपण दोघी फोन ठेवतो. दीड महिना हेच चाललंय. म्हणून आज कागद घेतला. कागद निदान "बरं आई, ठेवते" म्हणत नाही.

तर तुझी बाग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, चार दिवस माहेरी राहून येते म्हणून तू बॅग घेऊन अकोल्याला गेलीस आणि ही बाग माझ्या गळ्यात बांधून गेलीस. कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला तुझा तो नकाशा अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. फाटकाजवळ पांढरी शेवंती, मग पिवळी, मग जांभळे अस्टर, पायरीपाशी कोंबड्याचे लाल तुरे, भिंतीच्या कडेने उंच झेंडू आणि मधल्या वाफ्यात केशरी कॉसमॉस. पाऊस सरला की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज काहीतरी उमललेलं दिसलं पाहिजे, असं खाली लिहून ठेवलंयस. मी सून म्हणून तुला घरात आणलं तेव्हा इतकी निवड केली नव्हती, जितकी तू या फुलांची केलीस. आमच्या दर्यापूरकडे झेंडूचं वाळलेलं फूल चुरडून बांधावर टाकलं की झाली बाग. जे उगवलं ते आपलं.

आणि तुझे सासरे. त्यांना निवृत्तीनंतर हातात पाइप मिळालाय. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, पाऊस पडून गेला तरी पाणी. मी म्हटलं, अहो, ही काळी माती आहे, आठ दिवस ओल धरते, तर म्हणतात, "सूनबाईनं मले सांगतलं होतं, सुकू देऊ नका." तू सांगितलेलं एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं. बाकी नकाशात काय लिहिलंय ते त्यांनी चष्मा लावूनही वाचलेलं नाही. अस्टरची अर्धी रोपं त्यांनी बुडवून मारली. उरलेल्या अर्ध्यांवर मावा पडला. कडुलिंबाचा अर्क करून मी तीनदा फवारला, हाताचा वास चार दिवस गेला नाही, पोळीलाही तोच वास. नितेशने एक घास खाल्ला आणि डबा तसाच परत आणला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

एक मान्य करते, आणि एकदाच करते. तू वाळू आणि शेणखत घालून ते उंच वाफे केलेस तेव्हा मी शेजारच्या वच्छलाबाईंसमोर हसले होते, घरात थडगी बांधून ठेवलीत म्हणाले होते. भादव्यात तीन दिवस पावसाने धरलं. मी कुंपणाशी सपाट जमिनीत लावलेला झेंडू मुळाशी कुजून आडवा झाला आणि तुझ्या वाफ्यातला ताठ उभा राहिला. यंदा दसऱ्याला आपण बाजारातून एकही फूल आणलं नाही. दाराचं तोरण, तुझ्या सासऱ्यांच्या स्कूटरचा हार, वच्छलाबाईंना दिलेली टोपलीभर फुलं, सगळं तुझ्या वाफ्यातलं. त्या विचारत होत्या, सून कधी येते? मी म्हटलं, येईल. त्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून खुपते.

शेवंतीचे शेंडे खुडले तेव्हाही मी तुला बोलले होते. वाढत्या झाडाचं डोकं कशाला उडवतेस, म्हणाले. खरं तर कपाशीचे शेंडे मी स्वतः खुडलेत, शेंडा खुडला की फुटवे येतात हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. पण तू केलंस म्हणून मला ते चुकीचं दिसलं. आता मागच्या अंगणातल्या कुंड्यांतली शेवंती बघ, एकेका झाडाला वीस-वीस फुटवे आणि पानांपेक्षा कळ्या जास्त. आणि फाटकाजवळची, जी आल्यागेल्याला आधी दिसायची, ती नुसती हिरवीगार. कंबरेएवढी वाढलीय, पण औषधाला एक कळी नाही. तिच्यापायी माझं डोकं फिरलं. खत दिलं, माती उकरली, आंघोळीआधी रोज तिला दोन शब्द सुनावले. तरी ढिम्म.

शेवटी गेल्या आठवड्यात नासिरला बोलावलं. भातकुलीच्या रस्त्यावरची त्याची नर्सरी तुला माहीत आहेच, रोपं तिथूनच आणली होतीस. त्याने पानं उलटून पाहिली, माती चिमटीत धरून पाहिली, मग मान वर करून फाटकावरच्या दिव्याकडे बघितलं. म्हणाला, "काकू, हा दिवा रातभर चालू राह्यते का?" मी म्हटलं, राहतो. तर हसायला लागला. "मंग कशी फुलन ते? शेवंतीले अंधार लागते. रात मोठी झाली का तिले समजते का आता फुलाचं. तुमी तिले रातच होऊ देऊन नाही राहिले. बल्ब बंद करा, पंधरा-वीस दिवसांत कळी दिसन." एवढं सांगून वर माझ्याच हातचा चहा पिऊन गेला. मी त्याच्यावरही चिडले. दिवा का चालू असतो ते त्याला सांगायचं नव्हतं.

आता नितेश. तो दोनदा अकोल्याला येऊन गेला. दोन्ही वेळा तुझ्या आईच्या हातचे पोहे खाऊन, तुझ्या बाबांशी सोयाबीनच्या भावावर बोलून परत आला. काय झालं विचारलं तर म्हणे, "ते काहीच बोलली नाही, मीही नाही बोललो." असा दिवा माझ्या पोटी जन्मला. त्या दिवशीही हाच म्हणाला होता ना, "आईले गवत वाटलं, त्यात काय एवढं?" मी त्याला तेव्हा गप्प केलं नाही. मला ते सोयीचं होतं.

त्याच दिवसाचं लिहायचं आहे, त्यासाठीच एवढं पाल्हाळ लावलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तू कामावर गेली होतीस. पाहुणे येणार म्हणून मी अंगण साफ करायला घेतलं आणि मधल्या वाफ्यातली तुझी सगळी रोपं उपटून कुंपणाबाहेर फेकली. तू आल्यावर सांगितलं, मला गाजरगवत वाटलं. पान तसंच कातरलेलं, आणि जन्मभर शेतात गाजरगवत उपटलेली बाई मी, सगळ्यांना ते पटलं. तू रिकाम्या वाफ्याकडे बघत एकच वाक्य बोललीस, "आई, या घरात मले तेवढंच माह्यं वाटत होतं." मग स्वयंपाकाला लागलीस, सणाच्या पुरणपोळ्या केल्यास, आणि करीला गेलीस.

वर्षाली, गाजरगवत ओळीत उगवत नाही. चौथं रोप हातात आलं तेव्हा मला ती सुतळी दिसली होती, तू एकेका वितीवर खुणा करून ताणलेली. मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही. तीस वर्षं हे अंगण माझं होतं, रांगोळी माझी, तुळस माझी, आणि आता येणारा-जाणारा फाटकातूनच विचारायचा, सूनबाईची बाग कशी आहे? तो राग मी त्या रोपांवर काढला. हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. काल नितेशला सांगितलं, तर तो जेवता जेवता उठला आणि तसाच तुला आणायला निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, चूक माझी, आधी माझं पत्र जाऊ दे.

नळाजवळ एक रोप माझ्या हातून सुटलं होतं. त्याला गणपतीतच केशरी फुलं आली. त्याचं बी धरलं, ते पुडीत बांधून या पाकिटात घातलंय. अकोल्याला पेरायचं की इथे, ते तू ठरव. मधला वाफा मी तसाच रिकामा ठेवलाय, त्यात कोथिंबीरसुद्धा टाकलेली नाही.

आणि तो दिवा. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, घरचं माणूस बाहेर असेल तोवर फाटकावरचा दिवा मालवायचा नाही. तुझे सासरे दर्यापूरहून शेवटच्या जीपने यायचे तेव्हापासूनची ती रीत आहे. तू गेलीस त्या संध्याकाळी तो लागला, तो रोज लागतोय, आणि घरातल्या तिघांपैकी एकानेही त्याबद्दल तोंड उघडलेलं नाही. नासिर सांगून गेल्यापासून मी रोज बटणापर्यंत जाते आणि परत येते. यंदा पांढरी शेवंती नाही फुलली तर न फुलो, मी तो बंद करणार नाही. तू ये, आणि तुझ्या हाताने मालव.

तुझीच,
रोपं ओळखूनही उपटणारी सासू
जमुना