पायातली चप्पल शोधणाऱ्या आजी

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे.

परवा सकाळी मी काम करते त्या वृद्धाश्रमातल्या, माझ्याकडे सोपवलेल्या आजींची चादर बदलली, वेणी घातली आणि म्हटलं, "चला, उठा." त्या उठल्या, पण पाऊल टाकीनात. खाटेची कड धरून म्हणाल्या, "थांब गं, चप्पल शोधतेय." चप्पल पायातच होती.

"आजी, चक्कर येते ना?"

"गप बस! सिस्टरला सांगशील तर बघ. माझं चालणं बंद करतील."

आमचे हेसुद्धा शेवटपर्यंत "काही नाही गं" म्हणायचे. अजून कानात आहे ते.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, दुपारी वाचायलाही मिळतं. तू उठताना भिंत धरतेस का? धाकटी लिहिते, "आई ठणठणीत आहे." तूच पढवलं असशील तिला. खरं काय ते कळव.

काल मी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी आजींना आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी तपासलं; उभं राहताच ते उतरत होतं. आजी रागाने माझ्याशी बोलेनात. दुपारी सिस्टरना विचारून मी त्यांचा हात धरला आणि त्यांना व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवून आणलं.

तुझी,
थोरली