सगळ्यांच्या कानातल्या बाईची मालमत्ता

मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. संताप आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

१. प्रसिद्धी. "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही," असं तीस वर्षं देशभर सांगणारी बाई मीच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दातांत पेन्सिल धरायला लावून माझे उच्चार घासून घेतले होते, म्हणून साहेबांनी मला निवडलं. मोबदला : अर्ध्या दिवसाची रजा आणि एक भिंतीवरचं घड्याळ. मी आभारही मानले, स्पष्ट उच्चारांत. तो आवाज खात्याच्या मालकीचा आहे. मला कोणाला देता येत नाही.

२. पुतण्या. एवढं नाव म्हणजे कुठेतरी घबाड असणारच, अशी त्याची समजूत. मागच्या महिन्यात येऊन त्याने कपाटंसुद्धा हलवून पाहिली.

"आत्या, अख्ख्या देशाच्या कानात आहेस तू!"

"कानात आहे रे. खिशात काही आलं नाही."

"मग हे घर? आवाजावरच झालं ना? विकून टाकू. धाकटी आत्या राहील कुठेतरी."

त्या 'कुठेतरी'साठी हे मृत्युपत्र आहे. पुतण्याला घड्याळ द्यावं. ते बंद आहे.

३. घर. दोन खोल्या व स्वयंपाकघर, नोंद माझ्या नावावर. माझ्या धाकट्या बहिणीने एकोणीस वर्षं दवाखान्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवले, त्यावर हे घर झालं. माझा पगार कपड्यांवर जायचा, कारण रस्त्यात लोक ओळखतील असं वाटायचं. आवाज कपड्यांवरून ओळखता येत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

व्यवहाराच्या दिवशी मी नुसतं "नमस्कार" म्हटलं आणि घरमालक उडालाच.

"अहो, त्याच तुम्ही! किती शिव्या घातल्यात तुम्हाला!"

खूश होऊन त्याने कारकुनाला माझंच नाव लिहायला सांगितलं. बहीण माझ्याकडे बघत राहिली. जन्मभर बोलण्याचा पगार घेतला आणि तेव्हा मात्र मी गप्प बसले.

सबब, हे घर मी बहिणीला देत नाही. तिचं तिला परत करते. शिलाई मशीनबद्दल लिहिण्याचा मला अधिकारच नाही.

४. अंत्यविधीला कोणी हौसेने माझा आवाज फोनवर लावू नये. मी अस्तित्वात नाही, हे मलाच सांगायला लावू नका.

५. बहिणीला लाभ असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही. तिला दोरा आणायला पाठवलं आहे. ती यायच्या आत सह्या उरकाव्यात. तिने हे वाचलं तर म्हणेल, "राहू दे गं ताई, तुझ्याच नावावर शोभतं." आणि मी ऐकेन.

सही : (लिहून देणारी)
साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई
साक्षीदार २ : समोरचे दातांचे डॉक्टर
स्थळ : आमचं, म्हणजे तिचं, स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च, सकाळी सव्वाअकरा